औषध लवकर मोडतं, तर डोस वाढवला की झालं ना?

प्रश्न एम.फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "यकृतातले एन्झाइम औषध मोडतात, हे आम्ही शिकलो. पण एखादं औषध लवकर मोडत असेल तर डोस वाढवावा, नाहीतर दिवसातून तीनदा द्यावं. रोगावर उत्तम चालणारा रेणू केवळ यकृतात टिकत नाही म्हणून कंपन्या टाकून का देतात? नवं औषध घडवताना या एन्झाइमना एवढा मान कशासाठी? आणि या कामात यायचं तर काय शिकून यावं?"

डोस वाढवण्याची कल्पना वेडगळ अजिबात नाही. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध घ्या. शिरेतून द्यायचं तर १ ते ३ मिलिग्रॅम पुरतात. तोंडावाटे मात्र ४० किंवा ८० मिलिग्रॅमची गोळी लागते, कारण बराचसा भाग यकृत पहिल्याच फेरीत संपवतं. म्हणजे डोस वाढवूनच हे औषध गेली कित्येक दशकं चाललं आहे. तरीही आज असा रेणू माझ्या टेबलावर आला तर तो पुढे पाठवताना मी दहा प्रश्न विचारीन. अडचण वेगाची नसते. तो वेग माणसामाणसांत बदलतो, सोबतच्या गोळीने बदलतो, आणि प्रयोगशाळेतला प्राणी त्याबद्दल चुकीची साक्ष देऊ शकतो, ही खरी अडचण. वेग ठरलेला असेल तर त्यावर उपाय निघतो. औषधाला शरीरातून बाहेर पडायला एकच एन्झाइम असेल, तर तो वेग ठरलेला राहत नाही.

आधी साधा हिशेब करू. एका औषधाचा ९५ टक्के भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात पहिल्या फेरीत संपतो असं धरा. रक्तात पोचतात ५ टक्के. तुम्ही डोस वीसपट केलात आणि प्रश्न मिटला असं वाटलं. आता दुसरा रुग्ण येतो. त्याच्या यकृतात तो एन्झाइम साधारण निम्मा आहे, म्हणून ९५ ऐवजी ९० टक्केच मोडले जातात. रक्तात गेले १० टक्के. दुप्पट, आणि तेही पहिल्याच गोळीपासून. उलट ज्या औषधाचे पहिल्या फेरीत २० टक्केच जातात, त्याच्या बाबतीत एन्झाइम निम्मा असला तरी पहिली गोळी फारशी वर उसळत नाही. औषध हळू बाहेर पडतं, पातळी काही दिवसांत चढते, आणि काहीतरी बिघडतंय हे कळायला वेळ मिळतो. एन्झाइमचं प्रमाण निम्मं असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. औषधं मोडणाऱ्या सीवायपी या एन्झाइमच्या कुटुंबात सगळ्यात पुढे असलेला सीवायपी३ए४ धडधाकट माणसांच्या यकृतातही दहापटीहून अधिक फरकाने कमीजास्त आढळतो.

डोस वाढवण्यातली दुसरी गोची फेनिटॉइन वापरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असते. फिट्सवरचं हे जुनं औषध मुख्यतः सीवायपी२सी९ मोडतो, आणि उपचाराला लागणाऱ्या पातळीतच त्या एन्झाइमची ताकद संपत येते. त्यामुळे ३०० मिलिग्रॅमवर फिट्स थांबत नाहीत म्हणून ४०० केले, तर पातळी तिसऱ्या हिश्श्याने वाढायची सोडून दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. रुग्णाचा तोल जायला लागतो, डोळे थरथरतात. एन्झाइम भरला की डोस आणि पातळी यांचं सरळ नातं तुटतं. नव्या रेणूत हे पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांत दिसलं तर बैठकीतले चेहरे उतरतात.

आता मुख्य मुद्दा, एकाच वाटेचा. मुंबईहून पुण्याला येणारी जवळजवळ सगळी वाहतूक एकाच घाटातून जाते. दरड कोसळली की खोपोलीपासून रांग लागते. औषधाचंही तसंच. यात आम्ही एक आकडा काढतो: औषधाच्या एकूण निचऱ्यापैकी किती हिस्सा एका विशिष्ट एन्झाइमवर अवलंबून आहे. तो हिस्सा निम्मा असेल आणि तो एन्झाइम पूर्ण बंद पडला, तर शरीरातलं औषध दुप्पट होतं. ८० टक्के असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दहापट. ९५ टक्के असेल तर वीसपट. सूत्र शाळकरी आहे, एक भागिले उरलेला हिस्सा. पण शेवटच्या काही टक्क्यांत आलेख कसा उभा चढतो ते बघा. म्हणून ८० आणि ९५ यांतला फरक आमच्यासाठी जीवनमरणाचा असतो. हे शब्दशः घ्या.

टर्फेनाडिन हे त्याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेलं, झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध. लोक ते सर्दीला सहज घेत. गंमत अशी की गोळी घेतल्यावर रक्तात टर्फेनाडिन जवळजवळ सापडतच नसे. आतडं आणि यकृत यांतला सीवायपी३ए४ ते पहिल्याच फेरीत बदलून टाकी, आणि ॲलर्जीवरचं काम त्यातून तयार झालेला पदार्थ करी. मूळ रेणू हृदयाच्या स्नायूतली पोटॅशियमची वाट अडवतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तो हृदयापर्यंत पोचतच नव्हता. मग रुग्णांना सोबत केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन दिलं जाऊ लागलं. दोन्ही सीवायपी३ए४ ला अडवतात. १९९० मध्ये ३९ वर्षांच्या एका बाईची नोंद वैद्यकीय साहित्यात आली: टर्फेनाडिनसोबत केटोकोनाझोल, आणि हृदयाच्या ठोक्यांची जीवघेणी गडबड. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या, मृत्यूही झाले. १९९८ मध्ये औषध अमेरिकी बाजारातून गेलं.

त्याआधी १९९६ मध्येच त्याची जागा घेणारं औषध आलं होतं, आणि ते आज आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं: फेक्सोफेनाडिन. म्हणजे टर्फेनाडिनपासून शरीरात तयार होणारा तोच कामाचा पदार्थ. एन्झाइमने रुग्णाच्या पोटात जे केलं असतं ते कारखान्यात करून दिलं. फेक्सोफेनाडिन फारसं मोडलंच जात नाही, पित्तातून आणि लघवीतून बाहेर जातं, आणि हृदयाची ती वाट अडवत नाही. मला हे प्रकरण आवडतं ते त्यातल्या उफराटेपणामुळे. सुरक्षितता औषधात नव्हतीच, ती एन्झाइमने उसनी दिलेली होती.

टर्फेनाडिन बळी ठरलं. मिबेफ्राडिल गुन्हेगार ठरलं. रक्तदाबाचं हे औषध जून १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि जून १९९८ मध्ये मागे घेतलं गेलं. ते स्वतः फार घातक नव्हतं. पण सीवायपी३ए४ ला इतकं घट्ट अडवत होतं की रुग्णाची बाकीची औषधं चढत जात. रक्तदाबाचा रुग्ण म्हणजे बहुधा सोबत कोलेस्टेरॉलची गोळी, कधी हृदयाची, कधी मधुमेहाची. सोबत काय चालेल आणि काय नाही याची यादीच इतकी लांबली की औषध वापरण्याजोगं राहिलं नाही. या दोन प्रकरणांनंतर आमच्या धंद्याची रीत बदलली. आज नवा रेणू हाती आला की दोन्ही प्रश्न पहिल्या काही महिन्यांतच विचारले जातात: हा कोणावर अवलंबून आहे, आणि हा कोणाला अडवतो?

आणि कधी कधी औषधही नव्हे, त्याचा तुकडाच अडवतो. १९९३ मध्ये जपानमध्ये नागिणीवर सोरिवुडिन नावाचं औषध बाजारात आलं. नागीण कोणाला होते? ज्यांची प्रतिकारशक्ती खाली गेली आहे त्यांना, म्हणजे पुष्कळदा कॅन्सरच्या रुग्णांना. त्यांतले अनेक जण ५-फ्लुओरोयुरॅसिलच्या जातीची औषधं घेत होते. आतड्यातले जिवाणू सोरिवुडिनचा एक तुकडा पाडत, आणि तो तुकडा ५-फ्लुओरोयुरॅसिल मोडणाऱ्या डीपीडी या एन्झाइमला कायमचा निकामी करी. नेहमीच्या डोसात दिलेलं कॅन्सरचं औषध विषासारखं साचलं. साधारण ४० दिवसांत १५ माणसं गेली. यात सोरिवुडिनचा स्वतःचा दोष शोधत बसलात तर काही हाती लागत नाही. डीपीडी काही लोकांत जन्मतःच कमी असतो, त्यांनाही हाच धोका. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये ५-फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी अशी शिफारस केली.

जन्मतः असणाऱ्या फरकाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेतले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचं औषध स्वतःवर घेऊन पाहिलं. बाकीच्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब इतका घसरला की उभं राहता येईना. त्यांच्या शरीरात ते औषध जवळजवळ मोडतच नव्हतं. त्यातून पुढे सीवायपी२डी६ या एन्झाइमची आनुवंशिक तफावत उघड झाली. युरोपीय लोकांत ५ ते १० टक्के माणसांत हा एन्झाइम कामच करत नाही. दुसऱ्या टोकाला काही जणांत तो अतिवेगाने चालतो. कोडीनचं मॉर्फिन हाच एन्झाइम करतो, म्हणून अशा मुलांना टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेलं कोडीन जिवावर बेतलं, आणि अमेरिकी नियामकाने २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांत तिला पुरेशी जागा मिळत नाही. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड हे औषध एनएटी२ नावाच्या एन्झाइमकडून निष्क्रिय होतं. भारतीयांत साधारण ६० टक्के लोकांत हा एन्झाइम मंद असतो. मंद असलेल्यांना औषध जास्त वेळ पुरतं, पण हातापायांना मुंग्या येण्याचा, नसा दुखावण्याचा धोकाही जास्त. त्यासाठी सोबत पायरिडॉक्सिन म्हणजे बी६ देतात. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं, आज ती चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आहे. तिथे रोज औषध देण्याऐवजी अंतराने देता येईल का याचा अभ्यास झाला. आठवड्यातून एकदाच देण्याच्या पद्धतीत जलद एन्झाइमवाल्या रुग्णांचे निकाल मंद असलेल्यांपेक्षा वाईट आले. वरचेवर दिलं की हा फरक पुसला जाई. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. एन्झाइमची तफावत औषधात जितकी असते तितकीच डोसच्या अंतरातही असते, आणि कधी कधी रेणू न बदलता वेळापत्रक बदलून ती झाकता येते. कधी कधीच.

उलटी दिशाही विसरू नका. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल गिळताना निर्जीवच असतं, त्याला कामाचं करणाऱ्यांत सीवायपी२सी१९ चा मोठा वाटा आहे. ज्यांच्यात तो काम करत नाही त्यांचं रक्त गोळी घेऊनही पुरेसं पातळ होत नाही. अशी माणसं युरोपीय लोकांत २-३ टक्के, दक्षिण आशियात त्याच्या कित्येक पट. २०१० मध्ये अमेरिकी लेबलवर, म्हणजे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात, याचा इशारा आला. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही बारीकसारीक बाब नाही.

आता प्राण्यांची खोटी साक्ष. नियमाप्रमाणे माणसाला देण्याआधी औषध बहुधा उंदीर आणि कुत्रा यांना देतात. आल्डिहाइड ऑक्सिडेज नावाचा एक एन्झाइम आहे. माणसाच्या यकृतात तो भरपूर, कुत्र्यात जवळजवळ शून्य. कार्बाझेरान हे हृदयाचं औषध कुत्र्यात तोंडावाटे छान पोचलं, माणसात रक्तात जेमतेमही सापडेना. हा डोसचा प्रश्न झाला, जिवाचा नव्हे. जिवाचा झाला तो एसजीएक्स५२३ या कॅन्सरच्या रेणूचा. तो उंदीर-कुत्र्यांच्या चाचण्यांतून सुखरूप बाहेर पडला, आणि माणसांवरच्या पहिल्याच चाचण्यांत रुग्णांची मूत्रपिंडं बिघडू लागली. याच एन्झाइमने त्याचा असा पदार्थ केला होता जो पाण्यात विरघळत नाही. मूत्रपिंडात त्याचे स्फटिक झाले असावेत. माकडात तो पदार्थ तयार होत होता, पण माकड सुरुवातीच्या यादीतच नव्हतं.

यात एक खोच आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. आमची रोजची चाचणी यकृताच्या मायक्रोसोमवर चालते. यकृत वाटून, प्रचंड वेगाने फिरवून जो गाळ बसतो तो मायक्रोसोम. सीवायपी कुटुंब त्यात असतं. आल्डिहाइड ऑक्सिडेज मात्र पेशीद्रवात राहतो, म्हणजे वरच्या पाण्यात, जे आपण बाजूला काढतो. म्हणून असा रेणू मायक्रोसोममध्ये तासभर ठेवला तरी टिकलेला दिसतो आणि रेणू घडवणारे केमिस्ट खूश होतात. वर हे संकट आपणच ओढवून घेतलेलं. सीवायपीला चुकवायचं म्हणून केमिस्टांनी रेणूच्या वलयांत नायट्रोजन घालायला सुरुवात केली, आणि नेमकी अशीच वलयं आल्डिहाइड ऑक्सिडेजला आवडतात. हल्ली म्हणून मायक्रोसोमसोबत माणसाच्या अख्ख्या यकृतपेशी लवकरच वापरतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडक्यात. नवा रेणू एक मायक्रोमोलरच्या आसपास, मायक्रोसोम, एन्झाइमला चालायला लागणारं एनएडीपीएच, ३७ अंश तापमान. ०, ५, १५, ३०, ४५ मिनिटांना थोडं थोडं काढून थंड ॲसिटोनायट्राइल या द्रावकात टाकायचं की एन्झाइम तिथेच मरतो. मग एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, किती उरलं ते मोजायचं. हे रोज शेकडो रेणूंचं चालतं, यंत्रमानव पिपेट मारतात. त्यातून जे उरतात त्यांच्यावर जास्त खर्चाचं काम: कुठला एन्झाइम मोडतो हे शोधायला एकेक एन्झाइम वेगळा घेऊन आणि एकेकाला अडवून पाहायचं, सीवायपी२डी६ साठी क्विनिडिन, २सी९ साठी सल्फाफेनाझोल. ग्लुटाथायॉन, म्हणजे असे तुकडे पकडणारा शरीरातला पदार्थ, घालून बघायचं, की मोडताना पॅरासिटामॉलमधून पडतो तसा एखादा आक्रमक तुकडा बाहेर पडून कशाला तरी चिकटतोय का. पुढे माणसांवर चाचण्या सुरू झाल्या की किरणोत्सारी कार्बन लावलेला एक डोस काही स्वयंसेवकांना देऊन लघवी-शौच गोळा करून पूर्ण हिशेब लावायचा. गलिच्छ काम, पण औषधाबद्दलचं सर्वांत खरं उत्तर तिथे मिळतं. माणसात एखादा तुकडा औषधाच्या एकूण प्रमाणाच्या १० टक्क्यांहून अधिक आढळला आणि प्राण्यांत तो नीट तपासला गेलेला नसेल, तर नियामक पुन्हा प्राण्यांकडे पाठवतात.

या सगळ्याचा उपयोग होतो का? वारंवार दिला जाणारा आकडा असा की १९९१ च्या सुमारास माणसांवरच्या चाचण्यांत बाद होणाऱ्या औषधांपैकी ४० टक्के शरीरातल्या वाटचालीच्या कारणाने बाद होत. २००० पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. औषधं बाद व्हायची थांबली नाहीत. ती या कारणाने उशिरा बाद व्हायची थांबली.

आता "रेणू टाकून का देतात" याबद्दल. टाकण्याआधी दुरुस्त करून पाहतात, आणि त्यात केमिस्टचं कौशल्य दिसतं. एझेटिमाइब हे माझं आवडतं. शेरिंग-प्लाऊ कंपनीच्या शास्त्रज्ञांकडे कोलेस्टेरॉल शोषणं थांबवणारा एक रेणू होता, जो शरीरात झपाट्याने अनेक ठिकाणी बदलत होता. त्यांनी औषध दिलेल्या उंदरांचं पित्त काढून दुसऱ्या उंदरांना दिलं, आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त चाललं. म्हणजे एन्झाइम काही ठिकाणी बिघडवत होते, तर काही ठिकाणी सुधारत होते! मग जिथे सुधारणा होत होती तो बदल त्यांनी आधीच करून टाकला आणि जिथे बिघाड होत होता तिथे फ्लोरिन बसवून वाट बंद केली. २००२ मध्ये मंजूर झालेलं एझेटिमाइब असं तयार झालं. ते आतड्यात साखरेसारखा एक गट जोडला जाऊन ग्लुकुरोनाइड होतं, तेही सक्रियच, पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, जिथे त्याचं काम असतं. १० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसाला पुरते.

हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवणं ही नवी युक्ती. रेणूचा आकार तोच, बंध मात्र जरा चिवट, एन्झाइमला तोडायला वेळ लागतो. शरीराच्या अनैच्छिक हालचालींवरचं ड्यूटेट्राबेनाझिन २०१७ मध्ये अशा प्रकारचं पहिलं मंजूर औषध ठरलं. मला या युक्तीचं अनेकांइतकं कौतुक नाही. बरेचदा एक बंध आवळला की एन्झाइम शेजारच्या बंधाकडे वळतो. पण सोरायसिसवरच्या ड्यूक्राव्हासिटिनिबमध्ये तिचा वापर खरोखर हुशारीने झाला आहे: तिथे उद्देश औषध टिकवण्यापेक्षा, नको तिथे काम करणारा एक तुकडा तयार होऊ न देण्याचा होता.

आणि जास्त टिकवूनही चालत नाही. बेडाक्विलिनची शेवटची हाफ-लाइफ, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे साडेपाच महिने आहे. क्षयरोगात ते चालवून घेतात. डोकेदुखीच्या गोळीत कोण चालवून घेईल? त्रास झाला म्हणून औषध थांबवलं, तरी ते थांबायला हवं ना. मला विचाराल तर आदर्श रेणू हा न मोडणारा नसून दोन-तीन निरनिराळ्या वाटांनी बाहेर पडणारा असतो: थोडा एका एन्झाइमने, थोडा दुसऱ्याने, थोडा मूत्रपिंडातून.

आपल्याकडे काम करणाऱ्याला एक जादा प्रश्न कायम विचारावा लागतो: रिफॅम्पिसिनसोबत काय होईल? जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाव हिस्सा भारतात आहे आणि नेहमीच्या उपचाराचा कणा रिफॅम्पिसिन आहे. हे औषध एन्झाइमना अडवत नाही, वाढवतं. यकृताला जास्त एन्झाइम बनवण्याचा हुकूम देतं. परिणाम एका दिवसात दिसत नाही, आठवडाभरात चढतो आणि औषध थांबवल्यावरही दोनेक आठवडे रेंगाळतो. बेडाक्विलिनची पातळी त्याने जवळजवळ निम्म्यावर येते. एचआयव्हीवरचं डोलुटेग्राव्हिर सोबत द्यायचं तर ५० मिलिग्रॅम एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, आणि हे क्षयरोगाच्या केंद्रावर प्रत्येक बाईला सांगितलं जातंच असं नाही, याचा मला राग येतो. डोलुटेग्राव्हिरच्या बाबतीत तुमचा डोस वाढवण्याचा उपाय चालला, हे मान्य. पण तो चालला कारण किती वाढवायचा हे आधी मोजलेलं होतं.

एन्झाइमला मुद्दाम अडवून औषध टिकवणं हाही आता राजमान्य मार्ग आहे. रिटोनाव्हिर १९९६ मध्ये एचआयव्हीवरचं औषध म्हणून आलं, दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम, सोसायला कठीण. पण ते सीवायपी३ए४ ला भयंकर अडवत होतं. मिबेफ्राडिल ज्याने बुडालं तोच अवगुण इथे गुण ठरला: १०० मिलिग्रॅम सोबत दिलं की दुसरं औषध तग धरतं. कोविडवरच्या निरमाट्रेल्विरसोबत तेच देतात. अवयवरोपण झालेला रुग्ण टॅक्रोलिमस घेत असेल तर मात्र हीच जोडी घातक ठरू शकते, म्हणजे मिबेफ्राडिलचा प्रश्न फिरून उभा राहतोच.

आपल्याकडे याचं देशी रूपही आहे. मिऱ्यातलं पिपेरिन सीवायपी३ए४ ला आणि औषध बाहेर ढकलणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनला अडवतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधनावर आधारलेली, कमी रिफॅम्पिसिनसोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन घातलेली कॅप्सूल २००९ मध्ये भारतात बाजारात आली. मोजून, चाचणी करून दिलेलं पिपेरिन मला मान्य आहे. हळदीच्या महागड्या गोळ्यांत "शोषण वाढवण्यासाठी" म्हणून घातलेलं, आणि रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या आजोबांनी कोणालाही न विचारता सुरू केलेलं पिपेरिन मान्य नाही. पपनसाचंही तेच. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातला सीवायपी३ए४ निकामी करतो हे कॅनडातल्या संशोधकांना योगायोगाने कळलं. फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि दारू यांच्या अभ्यासात दारूची चव झाकायला त्यांनी तो वापरला होता. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या आईबापांपैकी एक, आणि तसलेच पदार्थ त्यातही असतात. रोपण झालेल्या किंवा काही हृदयविकाराच्या औषधांवर असलेल्या माणसाने गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसलेलं पपनस खाण्याआधी डॉक्टरला विचारावं.

आता काय शिकावं. एन्झाइमचा वेग सांगणारं मायकेलिस-मेंटेनचं समीकरण पाठ नको, हाताने सोडवता आलं पाहिजे. वर फेनिटॉइनचं सांगितलं ते सगळं त्यातच आहे. एलसी-एमएसवर हात बसवा, कारण पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, बंगळूर कुठेही गेलात तरी पहिली नोकरी त्याच्यासमोर असेल. सेंद्रिय रसायन सोडू नका. रेणूचं चित्र बघून "हा इथे ऑक्सिडाइज होईल" असं बोट ठेवता आलं की केमिस्ट तुमचं ऐकू लागतात. संगणकावरचं पीबीपीके मॉडेलिंग, म्हणजे औषधाचा शरीरातला प्रवास गणिताने मांडणं, नंतर शिकता येतं. आधी शिकलात तर कचरा घालून सुंदर आलेख काढण्याची सवय लागते.

आणि आजपासून करता येईल असा एक अभ्यास. कुठल्याही औषधाचं अमेरिकी लेबल उघडा, सातवा विभाग आणि १२.३ वाचा. तिथे लिहिलेलं असतं की अमुक औषधासोबत दिल्यावर याचं प्रमाण इतकं पट झालं. त्यावरून तो एन्झाइम किती टक्के निचरा करतो हे उलटं काढा: पाचपट झालं असेल तर किमान ८० टक्के. सुरुवात मेटोप्रोलॉलसारख्या सीवायपी२डी६ वाल्या औषधाने करा. सीवायपी३ए४ नंतर घ्या; तो आतड्यातही असतो, त्यामुळे एकाच आकड्यात यकृत आणि आतडं दोन्हींचा वाटा मिसळलेला येतो आणि हे साधं सूत्र फसवतं.